तीव्र मध्यमावर थबकलेलं गाणं

(पाऊस. ढगांचा गडगडाट. लांबून चर्चची घंटा.)

इंग्लंडच्या 'ब्लॅक सॅबथ' या बँडचं त्याच नावाचं गाणं. अर्धा मिनिट उलटतं, तरी गाणं म्हणावं असं काही कानावर येत नाही. नुसता पाऊस आणि घंटा. आणि मग गिटार अंगावर कोसळते.

तीनच स्वर. खालचा सा, वरचा सा आणि तिथून घसरून तीव्र मध्यम, म्हणजे पंचमाच्या (प) जरा खालचा म. यमन ऐकणाऱ्याला हा मध्यम ओळखीचा आहे. पण यमनात तो पुढे पंचमाकडे निघतो, तिथे विसावतो. इथे तो थरथरताना पंचमाला जेमतेम शिवतो, टेकत मात्र नाही. विरतो, आणि पुन्हा तोच खालचा सा. या गाण्याची सगळी भीती त्या न टेकण्यात आहे.

युरोपात सा ते तीव्र मध्यम या स्वरांतराला 'संगीतातला सैतान' म्हणत. चर्चने त्यावर बंदी घातली होती, असंही सांगितलं जातं. त्याला पुरावा नाही. इथे तो सूर आला इंग्लिश संगीतकार होल्स्टच्या 'मार्स' या वाद्यवृंदाच्या रचनेतून. बँडमध्ये बास गिटार वाजवणारा गीझर बटलर त्या रचनेच्या नादात होता, आणि गिटार वाजवणाऱ्या टोनी आयोमीच्या बोटांतून ही रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी सुरावट, निघाली.

त्या बोटांबद्दल सांगायलाच हवं.

बर्मिंगहॅममधलं ॲस्टन. कारखान्यांची, कामगारांची वस्ती. १७ वर्षांचा टोनी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस. जेवायला घरी आला, आता परत जायचं नाही म्हणाला. आईने परत पाठवलं: काम अर्धवट टाकू नये. दुपारी पत्र्याचं प्रेस मशीन उजव्या हातावर आलं. त्याने हात झटक्यात मागे ओढला, आणि मधल्या दोन बोटांची टोकं गेली. टोनी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच.

कारखान्यातल्या साहेबांनी त्याला एक रेकॉर्ड ऐकवली. गिटारवादक जँगो राइनहार्टची. आगीत त्याची दोन बोटं निकामी झाली होती, तरी तो तसा वाजवत होता. मग टोनीने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिची बोटांवर बसतील अशी टोपणं केली, पॉलिश पेपरने घासली आणि जुन्या जाकिटाचं कातडं वर चिकटवलं. तारा दाबताना दुखायचं, म्हणून बँजोच्या बारीक तारा गिटारला लावल्या. टोपणातून तारेचा स्पर्श कळत नाही. तिथे कानच उपयोगी पडतो.

या बँडचं नाव आधी 'अर्थ' होतं. सरावाच्या जागेसमोरच्या थिएटरात 'ब्लॅक सॅबथ' हा भयपट लागला होता आणि तिकिटाला रांग होती. माणसं घाबरायला पैसे मोजतात, हे या पोरांनी पाहिलं. तेच नाव गाण्याला आणि बँडला मिळालं. बटलरने खोली काळी रंगवली होती. एका रात्री पलंगाच्या पायथ्याशी त्याला काळी आकृती दिसली. ते ऐकून गायक ऑझी ऑझबर्नने शब्द लिहिले. ऑझीचा आवाज त्यात कुठेही राक्षसी नाही. घाबरलेल्या माणसाचा आहे, म्हणून तो खरा वाटतो.

ऑक्टोबर १९६९मध्ये लंडनच्या स्टुडिओत एका दिवसात बँडचा पहिला अल्बम वाजवून झाला. पाऊस आणि घंटा नंतर जोडली. १३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवारी तो बाजारात आला. समीक्षकांनी झोडपला; ब्रिटनच्या यादीत मात्र आठव्या क्रमांकापर्यंत चढला. पुढे हेवी मेटल संगीतातली डूम मेटल नावाची अख्खी शाखा या संथ चालीवर उभी राहिली. बिल वॉर्डचे ड्रम मुद्दाम ऐका, दोन ठोक्यांमधली जागा तो कशी मोकळी ठेवतो ते.

५ जुलै २०२५. ॲस्टनमधलंच व्हिला पार्क मैदान. मूळचे चौघं शेवटचे एकत्र आले. ऑझी सिंहासनावर बसून गायला. त्यानंतर १७ दिवसांनी तो गेला. त्या रात्री चौघांनी चार गाणी वाजवली. हे गाणं त्यांत नव्हतं.

आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर तेव्हाही टोपणं होती.