नदीतून उडालेले किडे परत येतात का? एकदाचं उत्तर घ्या

नमस्कार मंडळी! ते रडारवालं रील मला आता निम्म्या मराठवाड्यानं पाठवून झालंय. मिसिसिपी नदीवरून किड्यांचा एवढा मोठा ढग उठतो की हवामान खात्याच्या रडारवर तो पावसासारखा दिसतो. क्लिप खरी आहे. २० जुलै २०१४, विस्कॉन्सिन राज्यातलं ला क्रॉस. किडे म्हणजे मेफ्लाय. आणि खाली सगळे एकच विचारायलेत, ‘दादा, आपल्या गोदावरीत होतं का असं?’

एका रात्रीत एवढं उठताना मी तरी इकडं पाहिलेलं नाही. आपल्याकडं थोडं थोडं चालू असतं, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. दिवस मावळताना डोहाच्या कडेला चिलटांचा थवा एकाच जागी वरखाली नाचत असतो ना, त्यातला बराचसा माल नदीचा.

बेसिक पटकन उरकतो, शाळेत झालेलं आहे. अंडी पाण्यात. पिल्लं पाण्यात, दगडाला धरून नाहीतर गाळात. खाणं म्हणजे शेवाळ, कुजका पाला, काही जण एकमेकांना. वाढ झाली की पाण्याबाहेर, पंख, जोडी, अंडी, खेळ खल्लास. चतुर, टाचण्या, मेफ्लाय, कॅडिसफ्लाय, न चावणारी चिलटं, सगळ्यांचं साधारण हेच. हो, डासांचंही. लगेच ‘फवारणी करा’ लिहायला घेऊ नका, त्याच्यावर येतोय मी.

ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांनी एवढं करा. बंधाऱ्याखाली पाणी खळखळतं तिथला तळहाताएवढा दगड उचला आणि उलटा करा. (क्लोजअप) हे बघा. चपटं, तीन शेपट्या, उजेड पडला की दगडाच्या पलीकडं पळायलंय, हे मेफ्लायचं पिल्लू. पोटाच्या दोन्ही कडांना कल्ले हलतायत, दिसतायत? आणि ही शेजारी वाळूच्या कणांची नळी. आत कॅडिसफ्लायची अळी आहे. तोंडाजवळून रेशीम काढते आणि एकेक कण जोडून घर करते. दगड बघून झाला की होता तसा ठेवायचा. रीलसाठी उन्हात वाळत घालायचा नाही, मागं एकानं घातला होता.

आता मुद्दा. मागच्या व्हिडिओत मी म्हणालो की नदी काठाला खाऊ घालते. त्यावर एका ताईंची कमेंट आली, आणि प्रश्न चांगला आहे: ‘किडे बाहेर पडतात, पण अंडी घालायला पाण्यातच येतात ना? म्हणजे नदीचं नदीत गेलं. काठाला काय मिळालं?’ त्याखाली लाइकचा ढीग.

तर ताई, बाहेर पडलेल्यांतले फार थोडे परत येतात. बाकीचे काठावरच संपतात.

हिशेबानं सांगतो. मेफ्लायची एक मादी शेकड्यांनी अंडी घालते, काही जातींत हजारांनी. नदीत त्यांची संख्या आहे तेवढी राहायला एका जोडीमागं पुढं एक जोडी टिकली तरी भागतं. शेतकऱ्याच्या भाषेत, ज्वारीच्या राशीतून बियाण्यापुरती बाजूला काढली की बाकी सगळी खायला आणि विकायला मोकळी. परत येणाऱ्या माद्या म्हणजे नदीचं बियाणं. नर तर बहुतेक परत येतच नाहीत, त्यांचं काम हवेतच झालेलं असतं.

हिशेब पटत नसेल तर मोजलेलं घ्या. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात सिकॅमोर क्रीक नावाचा ओढा आहे. जॅक्सन आणि फिशर या दोघांनी तिथं बाहेर पडणाऱ्या किड्यांचं वजन काढलं आणि परत पाण्यात पडणाऱ्यांचंही काढलं. १९८६ मध्ये छापून आलं. परत आलं सुमारे ३ टक्के. तीन. बाकीचं काठाला. आणि ती काही हिरवीगार दरी नाही, आपल्यापेक्षा कोरडा मुलूख आहे.

आणि आकडेच नको असतील तर माझ्या मामांसारखं करा. मामांचं रान गंगाखेडच्या पुढं, गोदावरीला लागून. ते म्हणाले, ‘भाच्या, तुझे किडे तुझ्यापाशी ठेव. मला पिकावरच्या किड्यांनी आधीच खाल्लंय.’ म्हटलं मामा, सकाळी लवकर पाण्याकडं चला, ऊन चढायच्या आत. लव्हाळ्याच्या दोन काड्यांमध्ये जाळं होतं, पाण्यावर जवळजवळ आडवं. कोळी लांब जबड्याचा, पाय पुढं-मागं ताणून काडीला असा चिकटला होता की मामांना बोट दाखवूनही दिसेना. जाळ्यात काय? सगळी चिलटं, आणि एक मेफ्लाय, पंख अजून दुधाळ. मेफ्लायला पंख फुटल्यावर पुन्हा एकदा कात टाकावी लागते, किड्यांत असं दुसरं कुणी करत नाही. कात टाकायच्या आधीच हा सापडला. मामा बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, ‘म्हंजी ह्यो कोळी नदीवर जगायलाय.’ बस, मामांनी माझा व्हिडिओ एका वाक्यात केला.

कोळ्यासारखेच बाकीचे गिऱ्हाईक. पुलाखालच्या भिंगऱ्या, धोबी, वेडा राघू, कोतवाल, अंधार पडला की वटवाघळं, ओल्या दगडांवरचे बेडूक, पाली, सरडे. जपानमध्ये होक्काइदो बेटावर होरोनाई नावाचा ओढा आहे. तिथं नाकानो आणि मुराकामी यांनी हिशेब मांडला, २००१ मध्ये आला. काठावरच्या रानातल्या पक्ष्यांच्या वर्षभराच्या खाण्यातला साधारण चौथा हिस्सा ओढ्यातून आलेल्या किड्यांचा निघाला. त्याच ओढ्याचा एक भाग ग्रीनहाऊससारखा झाकूनही पाहिला. किडे वर येणं थांबलं, आणि काठावरचे ते आडव्या जाळ्याचे कोळी घटले. नाकानो स्वतः २००० मध्ये समुद्रात बोट उलटून गेले, तो हिशेब छापलेला त्यांना बघायला मिळाला नाही.

चौथा हिस्सा कमी वाटत असेल तर तो कधी मिळतो ते बघा. जपानात झाडांना पालवी फुटायच्या आधी, रानात अळ्या नसतात तेव्हा ओढ्यातून भरपूर निघतं. आपल्याकडं एप्रिलचं रान डोळ्यांसमोर आणा. पळस निष्पर्ण, गवत वाळलेलं, पानं खाणारी अळी कुठं शोधणार? डोहात पाणी असेल तर तिथून चिलटं निघतच असतात. आणि डोहच आटला तर? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली. माणसांना रेल्वे तरी आली.

शिवाय हे खाणं नुसतं पोट भरणारं नाही. पाण्यातलं शेवाळ ओमेगा-३ मधली लांब साखळीची मेदाम्लं तयार करतं, जमिनीवरच्या झाडांना ती जवळजवळ जमत नाहीत. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये भिंगरीच्या एका अमेरिकन जातीच्या पिल्लांवर हे पाहिलं. ती मेदाम्लं असलेलं खाणं थोडं मिळालेली पिल्लंसुद्धा, ती नसलेलं भरपूर खाणाऱ्या पिल्लांपेक्षा जास्त भरली.

बरं, फवारणी. डेंग्यूचा डास वाहत्या नदीत वाढत नाही हो! तो तुमच्या रांजणात, कूलरमध्ये, गच्चीवरच्या टायरमध्ये वाढतो. धुराचं मशीन घेऊन नदीकाठी फिरलं की चिलटं मरतात, मेफ्लाय मरतात, डास खाणारे चतुरही मरतात. आणि घरातला रांजण तसाच. फोटो मात्र झकास येतो.

नदीत जे सोडाल तेही याच वाटेनं बाहेर येतं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या ओढ्यांच्या काठचे कोळी तपासले, २०१८ ची गोष्ट. त्यांच्या अंगात साठाहून जास्त प्रकारची औषधं निघाली. माणसांनी घेतलेली, सांडपाण्यातून ओढ्यात गेलेली, किड्यांतून कोळ्यात. आपल्याकडं नाल्याचं पाणी नदीत कुठं मिळतं ते मी सांगायची गरज नाही, वासानं कळतं.

दुसरा एकाचा आग्रह, ‘काठ स्वच्छ करा, झुडपं काढा, म्हणजे नदी दिसेल.’ दादा, हे सगळं कुठं घडतं? बहुतेक देवाणघेवाण अगदी पाण्याला लागूनच्या पट्ट्यात, पुढं थोडं थोडं आत पोचतं. जेसीबीनं पहिला हात तिथंच पडतो. लव्हाळा गेला की जाळं बांधायला काडी नाही. येडी बाभूळ काढा, त्याला माझी ना नाही. पण तिच्याबरोबर निरगुडी, करंज, लव्हाळा सपाट करून वर सिमेंट कशाला?

शेवटचं, पुलावरच्या दिव्यांबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. किडे दिव्याकडं येतात, ते आहेच. त्याच्या खाली डांबरी रस्ता. डांबरावरून परावर्तित होणारा प्रकाश पाण्यावरच्या प्रकाशासारखाच ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी जास्त करून एकाच दिशेत हलतात, मेफ्लाय त्याला पाणी समजतो आणि माद्या रस्त्यावरच अंडी घालतात. हंगेरीतल्या संशोधकांनी १९९८ मध्ये हे दाखवलंय. म्हणजे ज्या थोड्या परत यायला निघाल्या होत्या, त्याही डांबरावर. तुमच्या पुलावर सकाळी असा पंखांचा थर दिसला तर फोटो पाठवा. नदी कोणती, गाव कोणतं, तारीख आणि वेळ लिहा. नुसतं ‘आमच्याकडं पण’ लिहिलं की मला काही कळत नाही.