गाडी शहराची आहे का, ते ताशी वीसच्या आत कळतं

[दृश्य: पुणे, नळ स्टॉप चौक, सकाळचे साडेनऊ. वर मेट्रो, मध्ये उड्डाणपूल, खाली खोळंबलेली वाहनं. कॅमेरा क्लचवरच्या डाव्या पायावर.]

पुढचा सिग्नल गाठेपर्यंत हा पाय किती वेळा दबेल, याची गणती नाही. पहिला गिअर, अर्धा क्लच, ब्रेक. परत पहिला गिअर. टेस्ट ड्राइव्ह मात्र बहुतेक वेळा मोकळ्या रस्त्यावर होते आणि मोकळ्या रस्त्यावर कुठलीही नवी गाडी छानच वाटते. म्हणून शहरासाठी गाडी घेताना ती ताशी वीस किलोमीटरच्या आत चालवून पाहा, तीही गर्दीच्या वेळी.

आधी मॅन्युअल गाडी. सपाट रस्ता, एसी चालू, पहिला गिअर. ॲक्सिलरेटरला पाय न लावता क्लच सावकाश सोडा. इंजिन बंद न पडता गाडी सरकायला हवी. मग दुसऱ्या गिअरमध्ये वेग दहा-बारावर उतरू द्या आणि हलकेच ॲक्सिलरेटर दाबा. गाडी धडधडली, पहिला गिअर मागू लागली, तर रोजच्या गर्दीत तुम्ही अर्ध्या क्लचवरच राहणार. तेव्हा क्लचप्लेट पूर्ण पकड न घेता घासत राहते, तापते, तिचं अस्तर झिजतं आणि जळका वास येतो. लहान टर्बो इंजिनांत हे हमखास तपासा. त्यांतल्या बऱ्याच इंजिनांचा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, साधारण १,५०० ते १,८०० आरपीएमनंतर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) जोर धरतो. त्याखाली हाती उरतं ते नुसतं एक लिटरचं इंजिन.

[दृश्य: सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगचा चढ. गाडी मध्यावर थांबते.]

ऑटोमॅटिक म्हटलं की पाय सुटला असं वाटतं, पण कोणती ऑटोमॅटिक, यावर सगळं अवलंबून आहे. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे आलेली एएमटी म्हणजे मूळचा मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच आणि गिअर हलवायचं काम तेवढं यंत्र करतं. म्हणून ती स्वस्त पडते, आणि म्हणूनच गिअर बदलताना मान पुढे झुकते. चढावर ब्रेक सोडल्यावर ती मागे सरकते का, ते पाहा. सरकते म्हणून बरेच जण ॲक्सिलरेटर देऊन गाडी चढावर तोलून धरतात. हे चुकीचं आहे. पाय क्लचवर नसला तरी आत तीच प्लेट जळत असते. चढावर हँडब्रेक लावा. डीसीटी म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक; तिचे क्लच कोरडे, म्हणजे तेलात न बुडालेले असतील, तर तिलाही असं रांगणं सोसत नाही, तीही तापते. टॉर्क कन्व्हर्टर या तिसऱ्या प्रकारात क्लचप्लेटऐवजी ताकद तेलातून पुढे जाते, त्यामुळे रांगत्या गर्दीत तो सर्वांत निश्चिंत. खर्च परवडत असेल तर आमचा कौल त्यालाच.

[दृश्य: दुभाजकाच्या तोंडाशी यू-टर्न.]

वॅगन आरची वळण-त्रिज्या ४.७ मीटर. म्हणजे यू-टर्नला निदान ९.४ मीटर रुंदी हवी, आणि हा हिशेब सहसा चाकांचा असतो. बंपरचं टोक आणखी बाहेरून फिरतं. कागदावर दहा-वीस सेंटीमीटरचा फरक क्षुल्लक दिसतो, पण गाडी एका झटक्यात वळणार की मागचे हॉर्न ऐकत रिव्हर्स घ्यावी लागणार, हे त्यावरच ठरतं.

वळतानाच काचेशेजारचा उजवा खांब पाहा. तो डोळ्यांच्या जवळ असल्याने डाव्या खांबापेक्षा जास्त झाकतो. उजवीकडे वळताना रस्ता ओलांडणारा माणूस किंवा अख्खी स्कूटर त्याआड जाते. सीट तुमच्या उंचीला बसवून, डोकं न हलवता किती दिसतं ते तपासा. ही तपासणी कोणी करत नाही, आणि आमच्या मते सर्वांत मोलाची हीच आहे.

टायरवरचा आकडाही वाचा. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के ते सांगतो. १५५/८० असेल तर टायरची भिंत १२४ मिलिमीटर उंच. १९५/५५ असेल तर जेमतेम १०७. खड्ड्यात भिंत कमी पडली की धक्का थेट रिमला बसतो. मोठी चाकं फोटोत शोभतात, पण पावसाळ्यात वाकलेले रिम त्यांचेच जास्त.

डिझेल घेणार असाल तर रोजचा प्रवास मोजा. बीएस-६ या प्रदूषण-नियमांच्या डिझेल गाडीतला डीपीएफ, म्हणजे धुराच्या वाटेतला फिल्टर, काजळी अडवतो आणि धूर पुरेसा तापला की ती जाळून टाकतो. रोज चार-पाच किलोमीटरच धावणाऱ्या गाडीत तो तापतच नाही. काजळी साचते, दिवा लागतो आणि मग केवळ फिल्टरसाठी मोकळ्या रस्त्यावर फेरी मारावी लागते.

[दृश्य: पार्किंगची जागा, दोन्ही बाजूंना गाड्या.]

शेवटी टेप घेऊन घरच्या पार्किंगमध्ये जा. जागा अडीच मीटर रुंद असेल आणि गाडी १.८ मीटर, तर दोन्ही बाजूंना उरतात पस्तीस सेंटीमीटर; त्यातही माहितीपत्रकातल्या रुंदीत आरसे बहुधा धरलेले नसतात. टेस्ट ड्राइव्हची गाडी तिथे रिव्हर्समध्ये लावा, दार उघडा आणि शेजारच्या गाडीला न लावता उतरता येतं का, ते पाहा.