स्प्लेंडर खोलली तेव्हा

(दृश्य: कोल्हापूर, शाहूपुरी, कुंभार गल्ली. भिंतीवर कमरेच्या वर पुराच्या पाण्याची मातकट रेघ.)

जुलै २०२१. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं आणि आमच्या गल्लीत शिरलं. माणसं माडीवर गेली, तांदळाची पोती गेली, गॅसची टाकी गेली. पप्पांची स्प्लेंडर खालीच राहिली.

पाणी ओसरल्यावर इंजिनखालचा बोल्ट काढला, तर जादा दुधाच्या चहासारखं काहीतरी बाहेर आलं. ऑइलमध्ये पाणी. नवं ऑइल भरलं, किका मारल्या, गाडी चालू झाली. आम्हाला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. हळूहळू सायलेन्सर निळा धूर मारायला लागला. निळा धूर म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइलही जळतंय. शेवटी भंगारात घालायचं ठरलं. मी म्हटलं, थांबा, मी खोलते. तोवर मी साधी चेनसुद्धा ताणलेली नव्हती.

(दृश्य: जिन्याखालची जागा. इडलीपात्राच्या जुन्या ताटल्या, प्रत्येक खळग्यात वेगळे बोल्ट.)

ताटल्या आईच्या. परत मिळणार नाहीत हे तिला तेव्हाच कळलं होतं.

हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, निघालं. पिस्टनच्या माथ्यावर करपलेल्या भाकरीसारखा कार्बन. ब्लॉक, म्हणजे ज्यात पिस्टन मागंपुढं होतो ते सिलिंडर, ओढून काढला, आत टॉर्च मारला. या गाडीचं सिलिंडर जवळपास आडवं असतं. त्यामुळं पुराचं पाणी खालच्या अंगाला साचून राहिलेलं, आणि गंज नेमका तेवढ्याच पट्ट्यात. वरची बाजू गुळगुळीत, खाली नख फिरवलं की अडकायचं. त्या खड्ड्यांतून ऑइल वर चढत होतं.

क्रँकची, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याची, बेअरिंगं खडखडत होती, ती बदलून आणली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

(दृश्य: शिवाजी उद्यमनगर. लेथचा आवाज, लोखंडाचा कीस, दारात कापलेल्या शाफ्टचे तुकडे.)

खड्डे घालवायला सिलिंडर आतून घासून मोठं करायचं, म्हणजे बोअर करायचं. त्यासाठी ब्लॉक पिशवीत घालून उद्यमनगरात गेले. कोल्हापुरात शेतीपंपाची ऑइल इंजिनं बनायची, तेव्हापासूनचं हे कसब. आज शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून देशभरातल्या गाड्यांसाठी कास्टिंग जातं. अशा गावात माझं ५० मिलिमीटरचं एक भोक म्हणजे किरकोळ काम.

बोअरवाल्या मामांनी ब्लॉक उजेडाकडं धरला.

“पिस्टन कुठाय, ताई?”

“तुम्ही बोअर करून द्या मामा, मग त्या मापाचा आणते.”

“उलटं हाय ते. आधी पिस्टन आणायचा, त्याला मापून बोअर करायचं. पाय बघितल्याबिगर चप्पल कापत्यात व्हय?”

पाव मिलिमीटर घासून खड्डे जाणार नव्हते. म्हणून अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापाहून तेवढा मोठा, पिस्टन आणला. मामांनी तो मायक्रोमीटरनं मापला आणि बोअर त्याहून केसभर मोठं ठेवलं. खरं तर केसभरही नाही, दोन-तीन शतांश मिलिमीटर. मला वाटायचं, जितकं घट्ट तितकं चांगलं. पण पिस्टन ॲल्युमिनियमचा, तापला की फुगतो. फुगायला जागा ठेवली नाही तर चालत्या गाडीत जाम होतो. शेवटी होनिंग, म्हणजे दगडानं आतून बारीक घासणं, झालं. भिंतीवर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा उठल्या. ऑइल धरून ठेवायला त्या लागतात. मी त्यावर बोट फिरवणार, तेवढ्यात मामांनी हात बाजूला केला.

(दृश्य: पुन्हा जिन्याखाली. रात्र.)

पिस्टनवर कार्बोरेटरच्या बाजूची खूण असते, ती पाळली. पिस्टनभोवतीच्या रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ दिली नाहीत, नाहीतर गॅस सरळ खाली निसटतो. पिस्टन जोडणारी गजनपिन घातली आणि ती अडकवणारी तारेची सर्क्लिप बसवताना क्लिप टुण्णकन उडाली. थेट क्रँककेसमध्ये, इंजिनाच्या पोटात. तोंडाशी फडकं कोंबायचं असतं, हे मला माहीत होतं. कोंबलं नव्हतं. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून दोन तास गळ टाकत बसले, तेव्हा ती लागली.

(दृश्य: सकाळ. गाडी अंगणात.)

पहिल्या किकला काही नाही. पाचव्यालाही नाही. सातव्या किकला फटफटली आणि भसाभसा धूर! पोटात गोळाच आला. पण जोडताना चोपडलेलं ऑइल होतं ते, पाच मिनिटांत जळून गेलं.

पप्पा खाली आले. बोलले काहीच नाहीत. सायलेन्सरच्या मागं तळहात धरला, उलटा करून बघितला. कोरडा.

“रविवारी जोतिबाला जाऊन येऊ,” म्हणाले.

नवीन रिंगा भिंतीला घासून नीट बसेपर्यंत एवढा घाट नको, म्हटलं. आधी रंकाळ्याला चकरा. आणि चालवणार मी.