वाचनालयातले सहा संगणक

नमस्कार श्रोतेहो.

मी गेली बावीस वर्षं तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचं काम करतो. दिवाळीच्या तोंडावर, 14 ऑक्टोबर 2025 ला, विंडोज 10 ची नेहमीची मोफत अपडेट बंद झाली आणि त्या आठवड्यापासून दुकानात येणारा प्रत्येकजण एकच प्रश्न विचारू लागला. आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल मॅडमनीही तोच विचारला: "दादा, आमचे सहाही पीसी आता भंगारात काढायचे का?"

ते सहा संगणक 2016 साली घेतलेले. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. ही पिढी बाजारात आली 2017 मध्ये. म्हणजे वाचनालयाचे संगणक या अटीत बसत नव्हते. पण बाकी त्यांना काही झालेलं नव्हतं. रोज सकाळी सुरू व्हायचे, मुलं त्यांवर परीक्षांचे फॉर्म भरायची, म्हातारी माणसं सातबारा काढायची.

अपडेट थांबली म्हणून संगणक बंद पडत नाही, हे आधी सांगतो. बिघडतं ते वेगळंच. प्रणालीत, म्हणजे संगणक चालवणाऱ्या विंडोजसारख्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, नवी फट सापडली की ती बुजवणारं कोणी उरत नाही. एकट्याने वापरायच्या, नेटला न जोडलेल्या मशीनवर हे चालून जाईल. पण वाचनालयात रोज वेगळा माणूस बसतो, आपला आधार क्रमांक टाकतो, बँकेचा पासवर्ड टाकतो. तिथे उघडी फट ठेवणं मला पटत नाही. घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा अपडेटची मुदतवाढ मिळते. विचार करायला तेवढा वेळ मिळाला, एवढाच तिचा उपयोग.

आता मूळ मुद्दा. लोक म्हणतात, "दादा, स्टेबल असं काहीतरी टाकून द्या." या एका शब्दात दोन मागण्या असतात, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय निवड नीट होत नाही. पहिली मागणी: मध्येच अडकू नये, बंद पडू नये. दुसरी: आज जिथे बटण आहे तिथेच ते उद्याही असावं.

पहिलीबद्दल बोलू. विंडोज 3.1 च्या काळात प्रत्येक प्रोग्रामने आपण होऊन दुसऱ्याला वेळ द्यायचा असा कारभार होता. गल्लीत एकच नळ, आणि हंडा भरून झाला तरी एखादी बाई नळ सोडेना, की सगळी रांग उभी. तसं एक प्रोग्राम अडला की अख्खा संगणक अडायचा. पुढे नळाची चावी प्रणालीने स्वतःच्या हातात घेतली. 1993 चं विंडोज एनटी या पद्धतीचं होतं, त्याच मुळावर उभं असलेलं एक्सपी 2001 मध्ये घराघरांत आलं. 1991 साली लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेलं लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी एक प्रणाली) आणि 2001 पासूनची मॅकची प्रणालीही याच विचाराची. त्यामुळे "विंडोज म्हणजे निळी स्क्रीन", म्हणजे ती सारखी कोसळते, हे आज जसंच्या तसं खरं नाही.

मग आजचे संगणक कशाने पडतात? बऱ्याचदा प्रणालीच्या गाभ्यात शिरून काम करणाऱ्या परक्या ड्रायव्हरमुळे, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या जोड-सॉफ्टवेअरमुळे. 19 जुलै 2024 आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे 85 लाख विंडोज संगणक ठप्प केले, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. लिनक्सवरही ड्रायव्हरचा हा धोका आहेच. ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर बिनसला की नुसती काळी स्क्रीन दिसते, हे मी पाहिलं आहे.

आणि "हँग होतो" या तक्रारीचं कारण पुष्कळदा प्रणाली नसतंच. वाचनालयाच्या संगणकांत फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क होती आणि रॅम 4 जीबी. ब्राउझरच्या चार टॅब उघडल्या की रॅम भरायची, संगणक डिस्कचा आधार घ्यायचा, आणि ती डिस्क मुळातच संथ. आधी एसएसडी, म्हणजे तबकडी नसलेली वेगवान डिस्क, घाला आणि रॅम 8 जीबी करा, मग प्रणालीचं ठरवू, असं मी प्रत्येकाला सांगतो. काहीजणांना मग प्रणाली बदलायचीही गरज उरत नाही.

दुसरी मागणी, म्हणजे न बदलण्याची, माझ्या मते जास्त महत्त्वाची आहे आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. साठीच्या माणसाने कष्टाने शिकलेला मेनू एका अपडेटनंतर हलला, की तो संगणकासमोर पुन्हा परका होतो. लिनक्सचे अनेक प्रकार आहेत; त्यांतल्या डेबियनच्या स्थिर आवृत्तीत 'स्थिर' शब्दाचा अर्थ हाच आहे. साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते, मधल्या काळात मुख्यतः सुरक्षेच्या आणि चुकांच्या दुरुस्त्या होतात, बाकी घडी तशीच राहते. उबुंटू या दुसऱ्या प्रकाराच्या एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या, आवृत्तीला पाच वर्षं अपडेट मिळतात. तिच्यावरच आधारलेलं लिनक्स मिंट 22 हे 2029 पर्यंत सांभाळलं जाणार आहे. मिंटचा मेनू डाव्या कोपऱ्यात खाली, जुन्या विंडोजसारखाच. एमएस-सीआयटी केलेल्या माणसाचा हात आपसूक तिकडे जातो.

मॅक उत्तम आहे, यंत्र आणि प्रणाली एकाच घरची असल्यामुळे कुरबुरी कमी. पण ती यंत्रासकट विकत घ्यावी लागते, म्हणून वाचनालयाच्या प्रश्नाचं उत्तर ती नव्हती.

सोपेपणाची माझी कसोटी साधी आहे: अडलं तर विचारायला जवळ कोण आहे? गावात विंडोज जाणणारी दहा मुलं असतील आणि लिनक्स जाणणारं एकही नसेल, तर हा फरक खरा आहे, तो नाकारू नये. शिकायचंच असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स आणि लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरचे धडे मराठी आवाजातही आहेत. दुकानदारांना मात्र मी स्पष्ट सांगतो: टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेलं आहे. तुमचा धंदा टॅलीवर चालत असेल तर विंडोजच ठेवा. डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हर दुसऱ्या प्रणालीवर चालतो का, ते आधी तपासा.

वाचनालयात आम्ही घाई केली नाही. आधी पेन ड्राइव्हवर मिंट घेतलं. त्यावरून संगणक सुरू करता येतो आणि आतल्या विंडोजला धक्काही लागत नाही. आठ दिवस एक संगणक तसाच चालवला. वायफाय चाललं, आवाज आला, सरकारी संकेतस्थळं उघडली. एक जुना प्रिंटर काही केल्या चालला नाही.

खरी अडचण मराठीची निघाली. पुस्तकांची जुनी यादी युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये टाइप केलेली. (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत.) अशा फाँटमध्ये मराठी अक्षर फक्त डोळ्यांना दिसतं, फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक साठवलेले असतात. फाँट नसला की सगळी यादी अगम्य चिन्हांची होते. आपल्याकडे किती पतसंस्था, किती छापखाने, किती ग्रामपंचायती या एका कारणाने जुन्या संगणकाला बांधल्या गेल्या आहेत, याचं मला फार वाईट वाटतं. कारण युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर विंडोज, लिनक्स, मॅक आणि मोबाइल, सगळीकडे वाचता येतो. भारतीय लिप्यांसाठीचा इन्स्क्रिप्ट कळफलकही या सगळ्यांवर मिळतो. 'क' एकदा बोटांत बसला की प्रणाली बदलली तरी तो तिथेच सापडतो.

शेवटी आम्ही सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली, ती दुसऱ्या संगणकावर उघडून खात्री केली, आणि पाच संगणकांवर मिंट टाकलं. सहाव्यावर विंडोज 10 तसंच ठेवलं, त्याची नेटची वायर काढली आणि तो प्रिंटर त्यालाच जोडला. जुनी यादीही त्याच्यावरच आहे. ग्रंथपाल मॅडम आणि कॉलेजची दोन मुलं दर शनिवारी बसून ती युनिकोडमध्ये आणतात, कन्व्हर्टरने चुकवलेली जोडाक्षरं एकेक करून दुरुस्त करतात. कादंबऱ्या झाल्या, चरित्रं झाली. सध्या कवितासंग्रह चालू आहेत.

नमस्कार.