खटला नेमका कशाचा?

श्रोतेहो, नमस्कार.

१७ मार्च २०२३ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं रशियाचे अध्यक्ष पुतिन यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढलं. युक्रेनवर चढाई केली म्हणून ते निघालं, असं बऱ्याच जणांना वाटलं. तसं नाही. आरोप आहे युक्रेनमधली मुलं बेकायदा रशियात नेल्याचा. चढाईबद्दल खटला भरण्याचा अधिकारच या न्यायालयाला नव्हता.

गंमत पाहा. आक्रमक युद्ध हा सर्वांत मोठा आंतरराष्ट्रीय गुन्हा, कारण बाकीचे गुन्हे त्याच्याच पोटात असतात, असं न्यूरेंबर्गला नाझी नेत्यांवर खटला चालवणाऱ्या न्यायाधीशांनी १९४६ सालीच सांगितलं होतं. आणि नेमका तोच गुन्हा आज सर्वांत सुरक्षित आहे!

युद्धगुन्ह्यांचा नियम सरळ आहे. ज्या देशानं न्यायालयाचा अधिकार मानला आहे, त्याच्या भूमीवर गुन्हा घडला की आरोपी कुठल्याही देशाचा असो, त्याच्यावर खटला चालू शकतो. आक्रमणाचा गुन्हा जुलै २०१८ पासून न्यायालयाच्या कक्षेत आला खरा, पण येताना एक पळवाट घेऊनच आला: हे न्यायालय ज्या करारानं उभं राहिलं, त्यात नसलेल्या देशांच्या नागरिकांना सूट. अमेरिका, रशिया, चीन करारात नाहीत, भारतही नाही. ब्रिटन आणि फ्रान्स आहेत, पण आक्रमणाबद्दलची दुरुस्ती त्यांनीही मंजूर केलेली नाही. सुरक्षा परिषदेनं प्रकरण सोपवलं तर ही सूट उरत नाही. मात्र परिषदेत नकाराधिकार आहे तो याच पाच जणांना, भारत वगळून.

जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कला सभासद देश ही पळवाट बुजवायला जमले, पण एकमत झालं नाही. त्याआधी जूनमध्ये युरोप परिषद ही युरोपातल्या देशांची संघटना आणि युक्रेन यांनी या एका आक्रमणापुरतं विशेष न्यायाधिकरण उभारण्याचा करार केला. काहीच नसण्यापेक्षा ते बरं, हे मलाही मान्य आहे. तरी दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर टोकियोत चाललेल्या खटल्यातले भारतीय न्यायमूर्ती राधाबिनोद पाल आठवतात. अकरा न्यायाधीशांपैकी त्यांनी एकट्यानं सगळ्या आरोपींना सर्व आरोपांतून निर्दोष ठरवलं. त्यांचा निकाल मला पुरता पटत नाही. जपानी सैन्याचे अत्याचार काही खोटे नव्हते. पण जेत्यांनी फक्त हरलेल्यांनाच पिंजऱ्यात उभं करायचं, यावरचा त्यांचा आक्षेप अजून तसाच उभा आहे. इराकवर २००३ साली चाल करून जाणाऱ्यांसाठी असं न्यायाधिकरण कुणी मागितलं असतं, तर किती सरकारांनी सही केली असती?