घोडा का अडला?

मंडळी, अध्यक्षांनी ओळख करून देताना मला 'अश्वतज्ज्ञ' म्हणून टाकलं. माझ्याकडे एकच घोडी आहे, चंद्री, आणि तज्ज्ञ तीच आहे. मी तिचा मोतद्दार. उभी नोकरी फायली फिरवण्यात गेली, आता घोडी फिरवतो. फरक एवढाच की फाईल लाथ मारत नाही.

विषय छापलाय, 'सुट्टीनंतर घोडा पुन्हा कामाला कसा लावावा'. त्यावर येतोच. आधी लहानपणीचं कोडं. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? (श्रोत्यांतून आवाज : न फिरवल्यामुळं!) शाब्बास. पण माझी तक्रार पुढंच आहे. भाकरी करपली तर आपण भाकरीला शिव्या देत नाही, चुलीपुढं कोण बसलं होतं ते विचारतो. पान सडलं तर पानवाल्याला बोलतो. घोडा अडला की मात्र घोडाच नालायक! 'अडेलतट्टू' हा शब्द काही तट्टानं काढलेला नाही.

चंद्रीचंच सांगतो. ती वरातीची घोडी. आषाढी ते कार्तिकी लग्नं नाहीत, म्हणजे तिला सुट्टी. त्यात आपला कोल्हापूरचा पाऊस. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की घोडी बाहेर काढून नेणार कुठं? त्या वर्षी चार महिने ती छपराखाली उभी. मी मायेपोटी दोन्ही वेळची चंदी, म्हणजे दाणा, तोबऱ्यात भरून द्यायचो. काम बंद, पगार चालू. (हशा) कचेरीतली सवय, दुसरं काय.

तुळशीची लग्नं उरकली आणि तिसऱ्याच दिवशी मी सुपारी घेतली. मिरजकर तिकटीच्या बाजूची वरात. नवरदेव तालमीतला, नव्वद किलोच्या पुढचा. तो वर बसला तेव्हाच तिचे कान मागं पडले, शेपूट सटासट हलायला लागली. मला वाटलं, डास असतील. बँडवाल्यांनी झांज दिली आणि चंद्री मागं चालायला लागली. उधळली नाही, पुढचे पाय उचलले नाहीत. शिस्तीत, एकेक पाऊल मागं. बँड पुढं, करवल्या पुढं, नवरदेव मागं मागं. 'वरातीमागून घोडे' ही म्हण मी लगाम धरून बघितली आहे. शेवटी तिचा पुठ्ठा एका रसाच्या गाड्याला टेकला. नवरदेव वरून म्हणतो, "काका, हिला पुढचा गिअर न्हाई व्हय?"

हसा. त्या वेळी माझा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

गर्दीत एक जाणकार असतोच. कोल्हापुरात दोन असतात. एक म्हणाला, "रग आहे, जिरवा." दुसऱ्यानं चाबूक हातात दिला. मी एक ओढला, कबूल करतो. तिनं पिछाडी झाडली, खूर माझ्या बरगडीला चाटून गेला. नवरदेव चालत मांडवात गेला. सुपारी परत केली, वर रसवाल्याला ग्लासांचे पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी तिची जीभ एका बाजूला ओढून धरली आणि बॅटरी मारली. गालाच्या आत रुपयाएवढी जखम. घोड्याचे दात जन्मभर वर येत राहतात आणि चावून झिजतात. वरच्या दातांना गालाकडून धार येते, खालच्यांना जिभेकडून. ती धार कानशीनं घासावी लागते. वर्षभर मी बघितलंच नव्हतं. लगाम ओढला की तिचा गाल त्या धारेवर दाबला जायचा. मग मी दोन बोटं कण्याच्या कडेनं फिरवत नेली. खोगिराची जागा आली आणि तव्याचा चटका बसावा तशी तिनं पाठ खाली घेतली. चार महिने खाऊन ती रुंद झाली होती, खोगीर जुन्याच मापाचं. खोगीरभरती म्हणून आपण भाषणांची चेष्टा करतो, पण खरी खोगीरभरती चुकली तर काय होतं ते तिच्या पाठीला विचारा.

म्हणजे तोंड दुखतंय, पाठ दुखतेय, पोटात फुकटची चंदी, डोक्याशी झांज. ती मागं गेली यात तिचं काय चुकलं?

शाहू महाराजांचा खडखडा तुम्हाला ठाऊक आहे. घोड्यांना गाडीची सवय लावायची ती गाडी. म्हणजे सवय लावण्यासाठी वेगळं वाहन ठेवावं इतकी ती गोष्ट मोठी होती, आणि त्याच गावात मी तीन दिवसांत सवय लावायला निघालो. खासबागचं मैदान 1912 सालचं. तिथं उतरणारा पैलवान चार महिन्यांच्या आजारातून उठला तर पहिल्याच दिवशी वस्ताद त्याला जोडीशी भिडवील का? आधी दहा-वीस जोर, थोड्या बैठका...

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' बरं, मग छापलेला विषय.

काम बंद त्या दिवसापासून चंदी कमी, वैरण भरपूर. उभ्या घोड्याला पूर्ण चंदी देऊन एकदम जुंपला तर मागचे पुठ्ठे लाकडासारखे ताठतात, लघवी काळ्या चहासारखी होते. इंग्रजांच्या देशात याला सोमवारचा आजार म्हणायचे, कारण रविवारी गाडीचे घोडे उभे असायचे. असं दिसलं तर एक पाऊलही चालवू नका, डॉक्टरांना बोलवा.

काम सुरू करण्याआधी दात, पाठ, खूर, खोगीर. नाल दीड-दोन महिन्यांनी बदलायची, सुट्टी असली तरी. पहिले दोन-तीन आठवडे नुसतं चालवणं, वीस मिनिटांपासून वाढवत, सुरुवातीला पाठीवर कुणी नको. मग थोडी थोडी दुडकी, मऊ जमिनीवर. रपेट त्यानंतर. दमसास लवकर परत येतो, पायाच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर, आणि हाडं मागून तयार होतात, आणि माणूस फसतो तो तिथंच. उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44, जबड्याखाली बोट लावून मोजता येते. काम थांबवून दहा मिनिटांनी ती साठच्या खाली आली नाही तर आज जास्त झालं.

बँडची सवय लांबून. आधी शेताच्या पलीकडं, सोबत एखादा म्हातारा शांत घोडा. कान पुढं आले की दहा पावलं जवळ. मागं पडले की तिथंच थांबायचं, चाबूक घरी...

दुसरी चिठ्ठी. उठतो. चंद्रीचं विचारताय? आता ती पावसाळ्यातही उघडीप मिळाली की रोज अर्धा तास चालते, आणि तुळशीच्या लग्नानंतर महिनाभर मी सुपारी घेत नाही. त्या नवरदेवाला मुलगा झाला. बारशाचं आमंत्रण आलं होतं मला. खाली पेनानं लिहिलं होतं, 'घोडी आणू नये.'