पत्रा वाजवून बघायचा

(घरामागची शेड. ताडपत्री ओढली जाते.)

ही धूळ बघताय ना, ही ११ वर्षांची आहे. वाईजवळ आमचं गाव, तिथल्या घरामागे ही प्रीमियर पद्मिनी एवढी वर्षं उभी होती. १९८४ ची गाडी, बाबांनी बुकिंग करून, नंबर लागायची वाट बघून घेतलेली, कारण तेव्हा पैसे हातात असले म्हणून गाडी लगेच दारात येत नव्हती. पाटीवरचा नंबर बघा, एमपासून सुरू होणारी तीन अक्षरं, एमएच यायच्या आधीचा.

ही गाडी बनायची मुंबईत, कुर्ल्याला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, पुढे इटलीच्या फियाटबरोबर गाड्या बनायला लागल्या. लोक जिला डुक्कर फियाट म्हणायचे ती आधी, मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, १९६४ ला ११०० डिलाइट, त्यानंतर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून नाव झालं पद्मिनी. पण आमच्या घरात हिला कोणी पद्मिनी म्हणत नाही, आई आजही "फियाट काढा" असंच म्हणते.

(मिस्त्रींचा हात, दरवाजाचा खालचा भाग.)

हे आमचे मिस्त्री, आम्ही त्यांना मामा म्हणतो. गाडी परत रस्त्यावर आणायचं ठरलं, तेव्हा त्यांनी पहिल्या दिवशी पाना हातातच घेतला नाही. नुसते गाडीभोवती फिरले आणि बोटाच्या मागच्या बाजूने पत्रा वाजवत गेले. नीट ऐका. इथे टण्ण वाजतंय, इथपर्यंत पत्रा चांगला आहे. आणि इथे आवाज बसका झाला, म्हणजे आत लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलीय, कोणीतरी कधीतरी गंज न काढताच वरून लांबी मारून रंग दिलाय. मग त्यांनी खिशातून लोहचुंबक काढलं, ते तिथे चिकटेचना.

खुरपून काढल्यावर काय निघालं ते तुम्हाला दिसतंयच. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात, काचेच्या फटीतून आत गेलेलं पावसाचं पाणी तिथून निघून जातं. ती भोकं माती आणि पाल्याने बुजली की पाणी आत साठून राहतं आणि पत्रा आतून सडत येतो, बाहेरून काहीच कळत नाही. मामा म्हणाले, दर पावसाळ्याआधी साधी तार घालून ही भोकं मोकळी केली असती तर दरवाजे वाचले असते. हे मी मुद्दाम सांगतोय, ज्यांच्या घरी अशी गाडी उभी आहे त्यांनी आजच जाऊन बघा.

दरवाजा नवा मिळतो का, हा विषयच मामांकडे नाही. सडलेला भाग कापायचा, पुठ्ठ्याचं माप काढायचं, त्या मापाचा पत्रा कापून हातोडीने गोलाई आणायची, गॅस वेल्डिंगने जोडायचा, परत ठोकायचा, परत बोट फिरवून बघायचं. या एका तुकड्याला दोन दिवस लागले आणि मला विचाराल तर या सगळ्या कामात हेच दोन दिवस सगळ्यात मोलाचे. रंगाचा शेड कुठून घेतला तेही बघा, दरवाजाचं आतलं कव्हर काढलं तेव्हा मागे १९८४ चा फिकट निळा जसाच्या तसा होता, त्यावरून पेंटरने मिसळून मिसळून रंग आणला.

इंजिन बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर आतून नव्याने कापून घ्यायला, बाहेर गेलं होतं, आलं ते हे असं. १०८९ सीसी, चार सिलिंडर. बॉनेट उघडलं की प्रत्येक गोष्ट दिसते आणि प्रत्येकीपर्यंत हात पोचतो.

(टेबलावर उघडलेला कार्बोरेटर.)

हा कार्बोरेटर. पेट्रोल आतच सुकून हा पिवळा चिकटा झालेला. ही पितळेची जेट, हिच्या भोकातून पेट्रोल मोजून जातं, म्हणून हिच्यात तार घालायची नाही, भोक मोठं होतं, फक्त धुवायची आणि हवा मारायची. बाजूला कार्बोरेटरला पेट्रोल पोचवणारा पंप आहे, त्याचा डायफ्रॅम, म्हणजे आतला लवचीक पडदा, नवा टाकलाय. लहानपणी पुण्याहून गावी येताना खंबाटकी घाट चढताना हाच पंप तापायचा, आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बंद, मग बाबा खाली उतरून पंपावर ओलं फडकं ठेवायचे आणि आम्ही कठड्यावर बसून संत्री सोलायचो.

आता देखभाल म्हणजे फार काही नाही, पण नेमाने करावं लागतं. आठवड्यातून एकदा चालवायची, नुसती जागेवर चालू करून बंद करायची नाही. पॉइंट, प्लग, ग्रीसिंग, बॅटरीचं पाणी. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येतं, जुने रबरी पाइप त्यात टिकत नाहीत, ते सगळे बदललेत.

खर्च झाला, घरात दोनदा वादही झाले. पासिंग दर ५ वर्षांनी करायचं, वर पर्यावरण कर भरायचा. सरकारी नियमात विंटेज म्हणजे ५० वर्षांपुढची गाडी, त्यात ही अजून बसत नाही. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाल्या, त्या होत्या म्हणून पार्ट मिळायचे, आता पुण्याच्या नाना पेठेत आणि कुर्ल्याला शोधत फिरावं लागतं. मामांकडे हे काम शिकायला सध्या एकच मुलगा येतो, तो बघा, मागे पॉलिश पेपर मारतोय.

(सकाळ. गाडी रस्त्यावर.)

बाबा ७८ वर्षांचे आहेत. चोक ओढला, स्टिअरिंगच्या डावीकडचा गिअर खाली घेतला, कोणी काही सांगावं लागलं नाही. एसी नाही हिला. पुढच्या खिडकीला ही तिकोनी काच आहे, तिची कडी सोडून काच फिरवली की समोरचा वारा सरळ तोंडावर येतो. पुढच्या सलग सीटवर बाबांशेजारी आई बसलीय, काच तिनेच फिरवली.